ट्राउटच्या कुळाचा कज्जा

काश्मीर अथवा कुलूच्या सहलीवरून परतलेला मराठी प्रवासी तेथील थंडगार ओढ्यांतल्या ट्राउटचे वर्णन मोठ्या चवीने करतो, आणि हा मासा हिमालयाच्या बर्फाइतकाच त्या भूमीचा पुरातन रहिवासी असावा अशी त्याची समजूत झालेली असते. परंतु वस्तुस्थिती अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी, गळ टाकून बसण्याच्या छंदाने पछाडलेल्या इंग्रज साहेबांनी त्याची अंडी विलायतेहून आणवली तेव्हा कुठे हा मासा त्या ओढ्यांत आला. तेथे ज्याला ‘स्नो ट्राउट’ म्हणतात तो मासा मात्र अस्सल हिमालयीन आहे, पण त्याचे कुळ निराळे. व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेल याने १८३८ साली काश्मीरच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, त्यात त्याने या माशांसाठी ‘शायझोथोरॅक्स’ ही प्रजाती स्थापिली. आणि ही प्रजाती आपल्या रोहू-कटल्याच्या गणगोतातली आहे.

खऱ्या ट्राउटचे कुळ सॅमनचे. या कुळाची नैसर्गिक वस्ती केवळ उत्तर गोलार्धात असून मोरोक्कोचा ॲटलास पर्वत, मेक्सिकोची सिएरा माद्रे आणि तैवानचे डोंगर ही तिची दक्षिणेकडील शेवटची ठाणी होत. पाठीवरच्या मुख्य पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, काट्यांचा आधार नसलेला एक इवलासा मांसल पर असतो, ती या कुळाची सहज दिसणारी खूण. कुळाच्या आत मात्र ‘ट्राउट’ हे नाव तीन वेगवेगळ्या शाखांनी वाटून घेतले आहे: युरोपातला तपकिरी ट्राउट अटलांटिक सॅमनच्या ‘साल्मो’ प्रजातीतला, अमेरिकेतला इंद्रधनुषी ट्राउट पॅसिफिक सॅमनच्या ‘ऑन्कोऱ्हिंकस’ प्रजातीतला, आणि अमेरिकेतलाच ब्रुक ट्राउट हा तर ‘चार’ नावाच्या तिसऱ्याच शाखेतला. मासा हातात धरून पाहिला तर हा भेद उमगतो. तपकिरी ट्राउटच्या फिकट अंगावर काळे ठिपके असतात व मधूनमधून फिकट कडे असलेले तांबडे. चारच्या काळसर अंगावर ठिपकेच फिकट, आणि पोटाखालच्या परांची पुढली कड पांढरीशुभ्र. रंगावर विश्वास नसेल त्याने तोंड उघडून टाळूच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. तपकिरी ट्राउटला दातांची रांग त्या हाडावर मागेपर्यंत लागते, चारला केवळ पुढच्या टोकाशी.

या कुळाचा एक फार जुना दाखला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ड्रिफ्टवुड ओढ्याच्या खडकात सापडतो. ‘इओसाल्मो’ नावाचा तो जीवाश्म सुमारे पाच कोटी वर्षांचा आहे आणि मार्क विल्सन याने १९७७ साली त्याचे वर्णन केले. त्याहूनही मोठी घटना मात्र खडकात नव्हे, जनुकांत नोंदलेली आहे. आठ ते दहा कोटी वर्षांपूर्वी या कुळाच्या पूर्वजाचा संपूर्ण जनुकसंच एकाएकी दुप्पट झाला; आणि इंद्रधनुषी ट्राउटचा जनुकसंच २०१४ साली वाचून झाला तेव्हा असे दिसले की, इतका प्रदीर्घ काळ लोटूनही सुमारे निम्म्या जनुकांच्या दोन्ही प्रती अद्याप शाबूत आहेत. एक प्रत नेहमीचे काम पाहते आणि दुसरीला नव्या कामाची मोकळीक मिळते. या माशांच्या विलक्षण लवचिकपणाचे सारे श्रेय या द्विगुणनाला द्यावे की नाही, यावर पंडितांत मतभेद आहेत. मला स्वतःला ते देण्याची घाई नको वाटते, कारण कुळातल्या जाती फोफावल्या त्या द्विगुणनानंतर पुष्कळ कोटी वर्षांनी.

लवचिकपणा मात्र निर्विवाद. अखेरच्या हिमयुगाचे बर्फ ओसरले तेव्हा खारे पाणी सोसणारे तपकिरी ट्राउट समुद्रमार्गे ब्रिटन-आयर्लंडच्या रिकाम्या नद्या-तळ्यांत शिरले, आणि जेथे अडकले तेथल्या पाण्यानुसार त्यांचे रूप पालटले: समुद्रावर जाऊन येणारा चंदेरी, ओढ्यातच राहणारा ठिपकेदार तपकिरी. लिनियसने १७५८ साली या दोन रूपांना दोन जाती मानले, आणि ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट ग्युंटरने १८६६ साली ही खातेफोड इतकी वाढवली की, ब्रिटन-आयर्लंडात ट्राउटच्या दहाच्या आसपास जाती झाल्या. पुढे १९११ साली त्याच संग्रहालयातल्या टेट रीगनने ती सारी खाती मोडून एकच जाती कायम केली. त्याच्या बाजूचा उत्तम पुरावा हजारो कोसांवरून आला होता. १८६४ साली ‘नॉरफोक’ जहाजातून शेवाळ व बर्फात गुंडाळून टास्मानियाला नेलेली अंडी इंग्लंडच्या नदीवासी ट्राउटची होती. तरी त्यांच्या संततीतले काही मासे तेथे चंदेरी होऊन समुद्रावर जाऊ लागले.

इंद्रधनुषी ट्राउटच्या बाबतीत कज्जा हद्दीचा होता. कामचात्काच्या माशाला वाल्बाउमने १७९२ साली ‘मायकिस’ म्हटले; कोलंबिया नदीतल्या माशाला रिचर्डसनने १८३६ साली ‘गेर्डनेरी’. दोन्ही मासे एकच असल्याचे पुढे सिद्ध झाले, तेव्हा पहिल्या नोंदीचा हक्क श्रेष्ठ या नियमाने दुसरे नाव बाद झाले. आणि जीवाश्म व अस्थींच्या तुलनेवरून त्याची प्रजातीही पॅसिफिक सॅमनची ठरल्याने १९८९ साली त्याचे संपूर्ण शास्त्रीय नावच बदलले. गळवाल्यांना ते रुचले नाही. परंतु ट्राउट म्हणजे लहान आणि सॅमन म्हणजे मोठा हा व्यवहारातला निकष वंशवृक्षाला लावता येत नाही.

रीगनचा निवाडाही अखेरचा ठरला नाही. आयर्लंडच्या सरहद्दीवर मेल्विन नावाचे सरोवर आहे, तेथे कोळी पिढ्यान्‌पिढ्या तीन ट्राउट वेगळे ओळखत आले: गोगलगायी खाणारा, सोनेरी अंगावर तांबड्या ठिपक्यांचा, जाड जठराचा गिलारू, मधल्या पाण्यातले सूक्ष्म जीव टिपणारा काळ्या परांचा सोनाघन, आणि खोल पाण्यात इतर माशांवर जगणारा फेरॉक्स. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले अँड्र्यू फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिने व जनुके तपासून दाखवले की, हे तिघे एकाच पाण्यात राहूनही वेगवेगळ्या जागी अंडी घालतात आणि त्यांच्यात संकर जवळजवळ होत नाही. गिलारू सरोवरातून बाहेर पडणाऱ्या ड्राउज नदीत उतरतो, सोनाघन आत येणाऱ्या नद्यांत चढतो, फेरॉक्स त्यांतल्या एकीच्या खालच्या टप्प्यात. गिलारू आणि सोनाघन यांना ग्युंटरने १८६६ साली स्वतंत्र नावे दिली होतीच. आजच्या काही सूच्यांत ती पुन्हा जारी झाली आहेत, काहींत नाहीत. सूची कोणतीही माना, गिलारू नष्ट झाला तर सोनाघनची अंडी सोडून त्याची जागा भरता येणार नाही, आणि मासेमारीचा परवाना देणाऱ्या कचेरीने तेवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.