हिराबाई बडोदेकर : किराण्याचा सूर, पुण्याची बैठक

पुण्यातील गाणे : लेखांक सातवा

हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मे १९०५ मध्ये मिरजेस झाला. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ हे किराणा घराण्याचे थोर गायक. आई ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. वडिलांच्या घरी पिढीजात गाणे होते, तर आईच्या घरी दरबारी मानमरातब होता. या दोघांची पाच मुले पुढे संगीतात वावरली आणि त्यांतल्या हिराबाईंनी महाराष्ट्राच्या मैफलीचे रूप बदलले. त्यांचे आयुष्य नीट पाहिले, तर नामवंत आईवडिलांकडून मिळालेल्या वारशात आयते किती होते आणि त्यांनी स्वतः किती उभे केले, हे स्पष्ट होते.

आईवडील

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावावरून घराण्याला किराणा हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारात गाऊ लागले. तेथे ताराबाईंशी त्यांचा परिचय झाला. सरदार घराण्यातली मुलगी आणि दरबारी गवई यांचा विवाह त्या काळी कोणालाच रुचणारा नव्हता. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि नंतर मिरजेस संसार थाटला. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव खाँसाहेबांचे कायमचे ठिकाण झाले.

खाँसाहेबांचे गाणे सुराभोवती फिरे. एकेका स्वरावर थांबत, त्याच्या आजूबाजूच्या श्रुती उजळत ते राग पुढे नेत. म्हैसूरच्या दरबाराशी संबंध आल्याने कर्नाटक संगीताचा त्यांना जवळून परिचय होता आणि त्यांच्या सरगमवर त्याची छाया दिसे. ते उत्तम शिक्षकही होते. १९१० मध्ये त्यांनी बेळगावात आर्य संगीत विद्यालय काढले आणि १९१३ मध्ये ते पुण्यात आणले. विद्यार्थी तेथेच राहत, तेथेच जेवत आणि दिवसभर गाणे ऐकत. जाहीर जलसे करून विद्यालयाचा खर्च भागवला जाई. म्हणजे पुण्यातल्या सामान्य श्रोत्यासमोर तिकिटावर गाण्याची पद्धत हिराबाईंनी लहानपणी घरातच पाहिली होती. सवाई गंधर्व म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले रामभाऊ कुंदगोळकर आणि खाँसाहेबांचे चरित्र लिहिणारे बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे खाँसाहेबांचेच शिष्य.

दुभंगलेले घर

१९२० च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकळी हिराबाई झाली, गुलाब कमलाबाई झाली, सकीना सरस्वती झाली आणि धाकटे बंधू कृष्णराव माने या नावाने ओळखले जाऊ लागले. बहिणींनी आईच्या गावावरून बडोदेकर हे आडनाव लावले. सरस्वतीबाई लग्नानंतर सरस्वती राणे झाल्या. एवढ्या मोठ्या गवयाच्या मुलांच्या नावात वडिलांचे नाव कोठेच उरले नाही.

त्यामुळे वडिलांची गायकी हिराबाईंकडे थेट आली नाही. त्यांचे पहिले गुरू थोरले बंधू सुरेशबाबू. ते वडिलांजवळ शिकलेले होते आणि त्यांचे गाणे अत्यंत हळुवार होते. पेटी आणि तबल्यातही त्यांना गती होती. मैफली गाजवण्यापेक्षा शिकवण्यात ते अधिक रमले. दुसरे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ. हे अब्दुल करीम खाँ यांचे नात्यातले आणि किराण्याच्या दुसऱ्या प्रवाहाचे प्रमुख. त्यांना ऐकू कमी येत असल्याने त्यांची ओळख ‘बेहरे’ वहीद खाँ अशीच होती. अतिविलंबित लयीत एकेक स्वर क्रमाने वाढवणे हा त्यांच्या तालमीचा कणा होता. भावाकडून सुराची कोवळीक आणि वहीद खाँ यांच्याकडून बढतीची शिस्त, असे दुहेरी शिक्षण हिराबाईंना मिळाले. घराण्याचे दोन प्रवाह त्यांच्या गळ्यात एकत्र आले.

जाहीर गाण्याचा प्रश्न

१९२१ मध्ये पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मुंबईत भरवलेल्या संगीत परिषदेत हिराबाई प्रथम जाहीरपणे गायल्या. वय अवघे सोळा. त्यांच्या या गाण्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळची मैफल कशी असे, हे ध्यानात घ्यावे लागते.

स्त्रीचे गाणे तेव्हा प्रामुख्याने खासगी बैठकीत होई. यजमान श्रीमंत, श्रोते बहुतेक पुरुष आणि बिदागी यजमानाच्या मर्जीवर. फर्माईश होई, दौलतजादा होई, गाताना हातवारे आणि अदाकारी अपेक्षित असे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका ज्या कलावंत समाजातून आल्या, त्या समाजाच्या विद्येवर शहरी मध्यमवर्ग लुब्ध होता. त्या समाजातल्या स्त्रियांना घरच्या ओसरीवर मात्र तो बरोबरीने बसवत नव्हता. सभ्य म्हणवणाऱ्या घरातल्या मुलीने चारचौघांत गाणे तर अशक्यच मानले जाई.

तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही गायिकांमध्ये हिराबाईंचे नाव घेतले जाते. तिकिटाने बराच फरक पडला. दर सर्वांना सारखा, खुर्ची ठरलेली, वेळ ठरलेली. फर्माईश करणारा एक यजमान उरला नाही; त्याच्या जागी शंभर-दोनशे श्रोते आले. त्यांत कारकून होते, शिक्षक होते आणि हळूहळू त्यांच्या घरच्या बायकाही होत्या. रंगमंचावर हिराबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, ताठ आणि स्थिर बसत. चेहऱ्यावर ताण नाही, हातवारे नाहीत. ऐकणाऱ्याचे लक्ष जाई ते केवळ स्वराकडे. देवळातल्या कीर्तनाला बसावे तशा निर्धास्तपणे घरची माणसे त्यांच्या गाण्याला बसू लागली. अशा रीतीने त्यांनी गायिकेला मान मिळवून दिला आणि मध्यमवर्गीय मुलींसाठी शास्त्रीय गाण्याचा दरवाजा उघडला.

गायकी आणि ध्वनिमुद्रिका

हिराबाईंचा आवाज पातळ, गोड आणि अणकुचीदार होता. आलाप संथ, मींड लांब आणि तान मोत्यासारखी स्वच्छ. पण तानेचा हव्यास नाही. लयीशी झुंज देण्यापेक्षा स्वराची आस टिकवण्याकडे त्यांचे लक्ष असे. मैफलीची मांडणीही त्यांनी विचारपूर्वक केली. ख्याल बेताचा ठेवायचा, त्यानंतर ठुमरी, नाट्यपद, भावगीत किंवा अभंग आणि शेवटी भैरवी. ख्यालाच्या जाणकारास रागाचे समाधान मिळे आणि नवख्या श्रोत्यासही काही ना काही घरी नेता येई. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक कंठसंगीताच्या मैफली याच क्रमाने चालतात.

ध्वनिमुद्रिकेनेही त्यांना घरोघर पोहोचवले. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटेच गाणे मावे. तेवढ्यात रागाचे चित्र उभे करायचे, तर प्रत्येक स्वर नेमका लागावा लागतो आणि हिराबाईंच्या गाण्यात हा नेमकेपणा मुळातच होता. रागदारीबरोबरच त्यांची भावगीतेही अतिशय लोकप्रिय झाली. आकाशवाणीवरही त्या नियमित गात. सरोजिनी नायडू यांनी त्यांना ‘गानकोकिळा’ म्हटले आणि हे बिरुद त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले.

रंगभूमी, कर्ज आणि पडदा

१९२९ मध्ये या भावंडांनी नूतन संगीत विद्यालय या संगीतशाळेची नाट्यशाखा सुरू केली. मराठी संगीत रंगभूमीवर तेव्हा बालगंधर्वांचे राज्य होते आणि स्त्रीभूमिका पुरुष करत. कमलाबाई गोखले यांच्यासारख्या अभिनेत्री आधी होऊन गेल्या होत्या, तरी प्रतिष्ठित नाटक मंडळीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करणे अजून रूढ झाले नव्हते. या मंडळीत हिराबाई आणि त्यांच्या बहिणी स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. ‘सौभद्र’ नाटकातली हिराबाईंची सुभद्रा रसिकांच्या स्मरणात राहिली. ज्योत्स्ना भोळे ज्या संस्थेच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या, त्या ‘नाट्यमन्वंतर’चा काळ १९३३ चा, त्याआधीची ही घडामोड आहे.

पण वेळ प्रतिकूल होती. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू केला आणि १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. नेपथ्य, बिऱ्हाड, प्रवास आणि नटसंचाचे पगार यांचा भार नाटक मंडळ्यांना पेलेना. नाट्यशाखाही कर्ज मागे ठेवून बंद पडली. हिराबाईंनी ठिकठिकाणी मैफली करून हे कर्ज फेडले. पुढे बाबूराव पेंटर यांच्या ‘प्रतिभा’ (१९३७) या चित्रपटातही त्या दिसल्या, पण पडद्यावर त्या रमल्या नाहीत. त्यांचे खरे स्थान मैफलीत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अब्दुल करीम खाँ मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असता सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर वारले. त्यांचे दफन मिरजेस झाले आणि तेथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीतसभा भरते.

पुण्यातली वडीलधारी

स्वातंत्र्यानंतर हिराबाईंनी परदेशांतही गाणे केले. पूर्व आफ्रिकेचा दौरा झाला आणि १९५३ मध्ये भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या. याच वर्षी सुरेशबाबूंचे निधन झाले. त्यांच्याकडे शिकणाऱ्या प्रभा अत्रे यांची पुढची तालीम हिराबाईंनी केली. त्यांना मैफलीला बरोबर नेले आणि मागे तंबोऱ्यावर बसवून गाण्याची संधी दिली. माणिक वर्मा यांनाही या भावंडांचे मार्गदर्शन लाभले. या दोघीही पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांतल्या होत्या. एका पिढीआधी त्यांचे जाहीर गाणे कल्पनेतही बसले नसते. हुबळीच्या गंगूबाई हनगल हिराबाईंना मोठ्या बहिणीसारखे मानत.

सवाई गंधर्व यांच्या स्मृत्यर्थ १९५३ पासून पुण्यात भरू लागलेल्या महोत्सवात हिराबाई अनेकदा गायल्या. वडिलांच्या शिष्याचे स्मरण मुलीने करावे, यात घराण्याचे नाते पूर्ण होत होते. साठच्या दशकात त्यांनी धाकट्या बहीण सरस्वती राणे यांच्यासह जुगलबंदी सुरू केली. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाण्याचा हा प्रकार तेव्हा अगदी नवा होता. सरस्वतीबाईंनी ‘रामराज्य’ (१९४३) चित्रपटात पार्श्वगायन करून स्वतःचे नाव आधीच केले होते. दोघींच्या एकत्र गाण्याच्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात आणि ऐकल्या जातात.

१९६५ मध्ये हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७० मध्ये पद्मभूषण. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

वारशाचे मोल

मोठ्या आईवडिलांच्या पोटी जन्म घेणाऱ्या कलावंताला नाव आणि ओळखी सहज मिळतात, असा समज आहे. हिराबाईंना वडिलांचे नाव लावता आले नाही आणि त्यांची विद्या भावाकडून व नात्यातल्या वडीलधाऱ्याकडून कमवावी लागली. आईकडून मिळालेली हिंमत आणि शिस्त मात्र त्यांनी आयुष्यभर वापरली. किराण्याचा सूर त्यांनी ज्या श्रोत्यापुढे नेला, तो श्रोता त्यांच्याआधी मैफलीत फारसा नव्हता. तो त्यांनी घडवला. पुण्यात आज कोणतीही मुलगी संकोच न बाळगता गाण्याच्या शिकवणीला जाते आणि आई-वडील तिच्या पहिल्या मैफलीला पहिल्या रांगेत बसतात. हिराबाई बडोदेकरांची खरी कमाई हीच आहे, आणि शास्त्रीय संगीताच्या इतिहासात तिला पुरस्कारांपेक्षा वरचे स्थान द्यायला हवे.