अनेक यंत्रें आणि एक चित्रपट

सिनेमाच्या पडद्यावर चित्र हलतें असें वाटतें. वस्तुतः दर सेकंदाला २४ स्थिर चित्रें डोळ्यांपुढून जात असतात. तीं सर्व संगणकाकडून काढून घ्यावयाचीं म्हटल्यास केवढें काम पडतें, हें ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटावरून कळून येईल. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत पिक्सार या संस्थेनें घडविलेला हा चित्रपट १९९५ च्या नोव्हेंबरांत प्रकाशित झाला. सर्वस्वी संगणकावर तयार झालेला पूर्ण लांबीचा असा हा पहिलाच चित्रपट होय. त्यांत १,१४,००० हून अधिक चित्रें होतीं, व तीं काढावयास सुमारें ८ लक्ष यंत्रतास लागले. म्हणजे सरासरीनें एका चित्राला सात तास! एकाच यंत्रावर हा भार टाकला असता, तर नव्वदांहून अधिक वर्षें लोटलीं असतीं. तोच ११७ यंत्रांना वाटून दिल्यामुळें वर्षाच्या आंत उरकण्याजोगा झाला.

मग यंत्रें वाढविलीं कीं काम झालें, असें समजावें काय? लग्नघरच्या पोळ्या दहा जणींनीं वाटून घेतल्या म्हणजे लवकर होतात, कारण एक पोळी दुसरीवर अवलंबून नसते. येथेंही तसेंच आहे. देखाव्याचा आराखडा एकदां ठरला, कीं शंभरावें चित्र काढण्यासाठीं नव्व्याण्णवाव्याची वाट पहावी लागत नाहीं.

अशा यंत्रसमूहांत बहुधा एक यंत्र मुकादम असतें. कोणतें चित्र कोणाकडे दिलें व कोणतें परत आलें, याची तें नोंद ठेवतें. एखादें यंत्र बंद पडल्यास त्याचें अपुरें काम दुसऱ्याकडे सोंपवितें. म्हणूनच प्रत्येक चित्राची फाईल निराळी ठेवतात. बिघाड झाला, तर तेवढेंच चित्र पुन्हां काढावें लागतें. शिवाय सर्व यंत्रांवर प्रोग्रामची आवृत्ति एकच हवी. नाहींतर जोडलेल्या चित्रांत रंगछटा मधेंच पालटलेली दिसते.

परंतु लाटणाऱ्या दहा आणि कणीक मळणारी एकच असेल तर? देखाव्याची सामग्री सर्व यंत्रें एकाच साठ्यांतून घेतात. तो साठा किंवा यंत्रांस जोडणाऱ्या तारा मंद असल्या, तर नवीं यंत्रें नुसतीं बसून राहतात आणि त्यांवरील पैसा फुकट जातो.

तयार चित्रफीत आटोपशीर करून साठवितांना अडचण निराळीच येते. तेथें जागा वांचविण्यासाठीं बहुतेक चित्रें पूर्ण न लिहितां शेजारच्या चित्रांहून असलेला फरकच तेवढा लिहितात. अशी फीत वाटेल तेथें तोडतां येत नाहीं. जेथें चित्र स्वयंपूर्ण असेल तेथेंच ती कापावी, तुकडे यंत्रांना वाटावे आणि शेवटीं क्रमानें जोडावे.

ही युक्ति आतां केवळ धनाढ्य संस्थांची राहिलेली नाहीं. ब्लेंडर हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. चार साधे संगणक एकाच सामायिक साठ्याला जोडले, व हातीं घेतलेल्या चित्राच्या नांवाची रिकामी फाईल आधीं ठेवावी आणि असलेली फाईल पुसूं नये, अशा दोन सूचना त्यांस दिल्या, कीं मुकादमावांचूनही काम चालतें. एकानें घेतलेलें चित्र दुसरा सोडून देतो. मात्र पांचवा संगणक विकत घेण्यापूर्वीं काम कोठें तुंबतें आहे, तें अवश्य पहावें.