बाळ बोलत नाही, पण ऐकतं



मागच्या मीटिंगला आमच्या गटातली एक मैत्रीण चार महिन्यांच्या लेकीला घेऊन आली होती. हप्ते गोळा होईपर्यंत ती लेकीशी बोलत होती, "बघ गं, किती मावश्या आल्यात!" कुणीतरी म्हणालं, "अगं, तिला काय कळतंय?" आम्ही सगळ्या हसलो. पण बाळाला आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ कळत असतं.

पोटात असताना, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो आईचा. १९८० साली अमेरिकेत दोन-तीन दिवसांच्या बाळांना चोखणी दिली. एका प्रकारे चोखलं की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या प्रकारे परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज लागेल तसंच चोखू लागली!

आता आपल्या बोलण्यातलीच गोष्ट. 'ताट' म्हणताना आपण त आणि ट सहज वेगळे बोलतो. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक ऐकून ओळखणं फार अवघड जातं. १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले असेच आवाज इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाच्या आसपास मात्र तो कळेनासा झाला. म्हणजे बाळाचे कान आधी सगळ्याच भाषांसाठी तयार असतात, मग घरात जे ऐकू येतं त्यावर बसतात.

मग मोबाईल लावून दिला तर चालेल का? २००३ साली अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांशी काही जण समोर बसून, खेळवत चिनी भाषेत बोलले. ती बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. तेच टीव्हीवर दाखवलं, तेव्हा शिकली नाहीत. बाळाला समोर माणूस लागतं. म्हणून भाकरी थापताना, अंघोळ घालताना बोला. आपल्या घरची जी बोली असेल, तिच्यातच बोला.

आता आमची एक चूक सांगतो. गटातल्या एकीचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. "मुलगे उशिराच बोलतात," असं तिला सांगणाऱ्या आम्हीच होतो. तिसऱ्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा त्याला कमी ऐकू येतं हे कळलं. आता कानाला मशीन आहे, एकेक शब्द येतोय. पण ऐकण्याची पहिली वर्षं गेली, ती गेलीच.

म्हणून लक्ष ठेवा. मोठा आवाज झाला तरी तान्हं बाळ दचकत नसेल, सहा-सात महिन्यांचं होऊन आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, तर थांबू नका. आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा. या तपासणीला पैसे पडत नाहीत.

आणि शेजारणीला "बोलेल गं उशिरा" म्हणण्याआधी एवढं विचारा, "त्याला ऐकू येतंय ना, तपासलंस का?"