दुकानातील कॅमेरा, राउटर आणि न बदललेला पासवर्ड

पूर्वी दुकानात विजेवर चालणाऱ्या वस्तू म्हणजे दिवा, पंखा आणि फार तर वजनकाटा. आज काटोलच्या बाजारपेठेतील मध्यम दुकानातही इंटरनेटचा राउटर असतो. त्याला दोन-चार कॅमेरे, त्यांचे चित्रण साठविणारा डीव्हीआर, बिलाचा संगणक आणि मालक-नोकरांचे मोबाईल जोडलेले असतात. संत्र्याच्या हंगामात शेडमध्ये कॅरेट किती भरले गेले, हे व्यापारी घरबसल्या मोबाईलवर पाहतो. हा पसारा वाढणारच आहे. आपल्याच नागपूर जिल्ह्यातील सातनवरी गावात ऑगस्ट २०२५ मध्ये ‘स्मार्ट इंटेलिजंट’ गावाचा प्रकल्प सुरू झाला. जमिनीतील ओलावा सांगणारी यंत्रे आणि ड्रोनने फवारणी अशा सोयी त्यात आहेत. काटोलच्या बागांनाही उद्या हीच यंत्रे लागतील. तेव्हा यंत्रे जोडावीत की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. जोडण्यापूर्वी तयारी काय करावी, हे मात्र पाहिले पाहिजे.

व्यापारी बांधवांनी एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हा नुसता कॅमेरा नसून तो एक लहानसा संगणकच असतो. कारखान्यातून तो ठराविक नाव व ठराविक पासवर्ड घेऊन येतो, बहुधा ‘अ‍ॅडमिन’. एकाच कंपनीच्या हजारो कुलपांना एकच किल्ली असावी, तसा हा प्रकार.

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने याचाच फायदा घेतला. त्याच्यापाशी अशा कारखानी नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. ती लावून पाहत त्याने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांकडून अमेरिकेतील डीन या कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. आपल्या कॅमेऱ्याचे चित्र व्यवस्थित दिसत आहे, म्हणून ज्यांनी काहीच तपासले नाही, अशांचीच ही यंत्रे होती. यंत्र बंद करून चालू केले की मिराई पुसला जाई. पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत येई.

हे अमेरिकेचे झाले, असे कोणी म्हणेल. पण जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांकडील सुमारे ६० हजार मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले. त्यात कर्नाटकातील ग्राहकांना मोठा फटका बसला. कारण तेच होते, न बदललेला मूळ पासवर्ड.

त्याहून गंभीर प्रकार फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आला. गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील कॅमेऱ्यांतून महिला रुग्णांचे चित्रण चोरून ते पैशासाठी विकले जात होते. अटक झालेल्यांत आपल्या लातूर व सांगलीकडील तरुण होते. आपल्याकडे शिलाईची, बुरख्यांची, बांगड्यांची, सौंदर्यप्रसाधनांची दुकाने पुष्कळ. माप देण्यास, कपडा घालून पाहण्यास महिला विश्वासाने येतात. चोरीपासून बचावासाठी लावलेला कॅमेराच त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणू शकतो. म्हणून कॅमेरा गल्ला व दाराकडे असावा. माप घेण्याच्या जागेकडे तो मुळीच वळवू नये, पासवर्ड कितीही पक्का असला तरी.

आता पत्त्यांची अडचण पाहू. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४३० कोटीच होते आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. त्यामुळे अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून देण्याची युक्ती कंपन्या वापरतात. बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही, ही यातील गैरसोय. पण तीच एक भिंतही आहे. नव्या आयपीव्ही-६ पद्धतीत पत्ते जवळपास अमर्याद आहेत आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. अर्थात, मग राउटरमधील ‘फायरवॉल’ हीच भिंत असते. चित्र लवकर दिसावे म्हणून कारागीर ती बंद करून गेला, तर दुकान उघडे टाकून गेल्यासारखेच.

तयारी फार खर्चिक नाही. राउटर, डीव्हीआर आणि प्रत्येक कॅमेरा यांचे पासवर्ड वेगवेगळे व लांब ठेवून ते वहीत लिहावेत, वही गल्ल्यात कुलूपबंद असावी. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी दुसरे वाय-फाय काढता येते. कॅमेरे व इतर यंत्रे त्यावर ठेवावीत. ज्या मोबाईल-संगणकावर बँकेचा व्यवहार होतो, तो पहिल्यावर. पैसे आल्याचे बोलून सांगणारी पेटी बहुधा स्वतःच्या सिमवर चालते, तिची येथे चिंता नको. कंपनी वेळोवेळी पाठवीत असलेली सुधारणा, म्हणजे ‘अपडेट’, टाळू नये. आणि राउटरला इन्व्हर्टरची जोड द्यावी, नाही तर वीज गेली की कॅमेरा असूनही घरून काही दिसणार नाही.

नवीन कॅमेरा घेताना एसटीक्यूसीची सुरक्षा-तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी ती सक्तीची केली आहे. दिल्लीच्या बाजारातून आलेला जुना, बेनामी माल स्वस्त दिसतो. पण त्याला सुधारणा पाठविणारा कोणी नसतो. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, पहिले काही तास मोलाचे असतात.

आमच्या मते या कामाची खरी किल्ली कॅमेरे बसविणाऱ्या वायरमन तरुणांच्या हाती आहे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले आज याच धंद्यात आहेत. तार ओढली, चित्र दाखविले, पैसे घेतले, एवढ्यावर काम संपवू नये. पासवर्ड मालकाकडूनच टाकून घ्यावा आणि स्वतःजवळ ठेवू नये. दुरुस्तीत यंत्र ‘रीसेट’ केले की जुना कारखानी पासवर्ड परत येतो, तो त्याच वेळी बदलावा. सहा महिन्यांनी येऊन तपासणी करण्याचा वार्षिक करार ठेवला, तर दुकानदार दोनशे-पाचशे रुपये आनंदाने देईल आणि कारागिरालाही हंगामाबाहेर काम मिळेल.