केबल ठेवावी की काढावी?
केबलच्या बिलात दोन भाग असतात: जोडणीचे नेटवर्क शुल्क आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत. दूरसंचार नियामक 'ट्राय'ची नवी दररचना २०१९मध्ये लागू झाली तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांसाठी हे शुल्क कमाल १३० रुपये होते; १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. खरी गळती पॅकेजमध्ये: घरात पाहिल्या जातात मोजक्या वाहिन्या, पैसे मात्र साऱ्या गठ्ठ्याचे. त्यामुळे केबल तोडण्याआधी नको त्या वाहिन्या वगळून पाहाव्यात. ओटीटी स्वस्त वाटते, पण ब्रॉडबँडचा खर्च आणि दोन-तीन वर्गण्या धरल्या की बचत आटते. बातम्या आणि दूरदर्शनच्या 'सह्याद्री'वर भागत असेल, तर डीडी फ्री डिश बरी: डिश व सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, मासिक शुल्क नाही. सशुल्क वाहिन्यांवरच्या मालिका मात्र तिथे दिसत नाहीत.