‘कधीपासून?’ हे आधी सांगा

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणून जातो. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरून आणि आसपासच्या खेड्यांतून वृद्धांना सरकारी रुग्णालयात आणणारे नातेवाईकही हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: ‘वय झालं, आता त्यांना काही कळत नाही.’ वय हा आजार नव्हे. म्हणून आम्ही आधी विचारतो, ‘हे कधीपासून?’ बरेचसे निदान या उत्तरातच असते.

काल-परवापर्यंत नीट असलेली आजी अचानक असंबद्ध बोलू लागली, माणसे ओळखेना, रात्री उठून बसू लागली, तर तो बहुधा डिलिरियम असतो. जुनी माणसे याला ‘वात झाला’ म्हणत. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अंगातले पाणी किंवा रक्तातले सोडियम कमी होणे, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी अशी कारणे त्यामागे असतात. काही वृद्ध बडबड न करता नुसते सुस्त पडून राहतात. तेही तितकेच धोक्याचे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मूळ कारणावर वेळीच उपचार झाले तर बहुतेक जण सावरतात.

बदल काही आठवड्यांपासून असेल तर नैराश्याचा विचार करावा लागतो. वृद्ध माणूस ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘अंगात त्राण नाही’, ‘भूक मेली’, ‘पहाटे तीनलाच जाग येते’ अशा तक्रारी असतात आणि तपासण्यांत फारसे काही सापडत नाही. २०१७-१८ च्या ‘लासी’ या राष्ट्रीय सर्वेक्षणात साठीपुढील सुमारे ८ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली; आजाराचे निदान झालेले मात्र एक टक्काही नव्हते. तपासणीसाठी ‘हो-नाही’ उत्तरांची पंधरा प्रश्नांची सोपी प्रश्नावली आहे. ‘देवानं आता न्यावं’ हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट मन मोकळे होते. शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवा.

महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाणारा विसर म्हणजे स्मृतिभ्रंश असू शकतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि रोजच्या गांधी चमनहून घरी येताना वाट चुकणे वेगळे. आयुष्यभर केलेला चहा जमेनासा होणे, पैशांचा हिशेब न लागणे, ही खरी खूण. इथे एक अडचण येते. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी स्मरणशक्तीची चाचणी वाचायला, लिहायला लावते. शाळेची पायरी न चढलेली आजी त्यात विनाकारण नापास होते. म्हणूनच हरियाणातील बल्लभगढ भागातल्या वृद्धांसाठी १९९० च्या दशकात तिचे हिंदी रूप तयार झाले. त्यात लिहिण्याऐवजी घराबद्दल एखादे वाक्य बोलायला सांगतात, सकाळ आहे की संध्याकाळ तेही विचारतात. निदान गुणांवर नव्हे, तर माणूस पूर्वी काय करू शकत होता यावर ठरते.

शिक्का मारण्याआधी कान, डोळे, थायरॉइड आणि जीवनसत्त्व बी-१२ तपासायलाच हवे. ऐकू न आल्याने गप्प बसलेले आजोबाही ‘भ्रमिष्ट’ ठरतात. शिवाय नैराश्य आणि स्मृतिभ्रंश एकत्रही असू शकतात आणि स्मृतिभ्रंश असलेल्याला डिलिरियम लवकर होतो.

रुग्णालयात येताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, काढ्या-चूर्णांसह. घरात सोबत राहणारी व्यक्ती बरोबर असावी; सून असेल तर तिला बोलू द्या, बारकावे तिलाच ठाऊक असतात. आणि आजी-आजोबांना काही मिनिटे डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. घरच्यांसमोर न सांगता येणारे दुःखही असते.

मनाच्या त्रासाबद्दल मराठीतून सल्ला हवा असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.