२०० किमी सायकल : वेळ खातं ते शहर

बेळगाव : एकट्याने २०० किलोमीटर सायकल मारायची म्हटलं की लोक चढ आणि घाट मोजतात. पण हिशेब चुकतो तो गावात आणि शहरात.

पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार भारतातही ‘ब्रेव्हे’ राइड होतात. २०० किमीला १३ तास ३० मिनिटं मिळतात. ही शर्यत नाही, नंबर काढत नाहीत. मात्र घड्याळ थांबत नाही; चहा, पंक्चर, सिग्नल सगळं त्यातच धरलं जातं.

मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किमीने १६० किमीला ८ तास लागतात. उरलेले ४० किमी उपनगरं आणि बाजारपेठांतून ताशी १२ ने गेले, तर ३ तास २० मिनिटं. शिल्लक २ तास १० मिनिटं. जेवण, पंक्चर त्यातच बसवायचं. शहरातला वेग १० वर आला, की आणखी ४० मिनिटं गेली.

खरा धोका शेवटी असतो. पाय थकलेले, त्यात संध्याकाळची गर्दी. मग गेलेली मिनिटं भरून काढायला सायकलस्वार गाड्यांच्या फटीतून घुसतो. उभ्या कारचं दार अचानक उघडतं, उलट्या दिशेने दुचाकी येते.

म्हणून वेळ वाचवायचा तो सकाळी, मोकळ्या रस्त्यावर. शहरात उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहायचं. अंधार पडायच्या आत पुढचा-मागचा दिवा लावायचा, हेल्मेट काढायचं नाही.

वेळ संपली तर ब्रेव्हे हुकतो, इतकंच. तो पुन्हा करता येतो.